'टेप' : कबुली कोणाची, माफी कोणासाठी?



आज आपल्याला बोलायचंय ते रिचर्ड लिंकलेटर यांच्या 'टेप' या चित्रपटाबद्दल. २००१ सालचा हा अमेरिकन चित्रपट. लांबी जेमतेम दीड तास, माणसं तीन आणि जागा एकच, मोटेलची एक स्वस्तातली खोली. भूतकाळाबद्दल अखंड बोलणं चालतं, पण भूतकाळातलं एकही दृश्य आपल्याला दाखवलं जात नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. आम्ही शेवटासकट बोलणार आहोत, कारण शेवट बाजूला ठेवून या चित्रपटाबद्दल काही बोलताच येत नाही.

प्रश्न साधा वाटतो. एका माणसाने दहा वर्षांपूर्वी एका मुलीशी वाईट वर्तन केलं. तिसऱ्याने ते फसवून त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि चोरून टेप केलं. आता ही कबुली कोणाची? ज्याने दिली त्याची, ज्याने काढून घेतली त्याची, की जिच्याबद्दल आहे तिची? आमच्या मते सगळा चित्रपट या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि त्याचं उत्तर ज्या व्यक्तीने द्यायचं, ती पडद्यावर येते तेव्हा निम्म्याहून अधिक चित्रपट उलटून गेलेला असतो.

आधी माणसं ओळखून घेऊ. मिशिगन राज्याच्या राजधानीचं शहर लान्सिंग. तिथल्या मोटेलमध्ये व्हिन्स येऊन उतरलाय. तो राहतो कॅलिफोर्नियात, ओकलंडला. अग्निशामक दलात स्वयंसेवक आहे, पण पोट भरतो ते अंमली पदार्थ विकून. त्याची प्रेयसी त्याच्या रागीट, आक्रमक स्वभावाला कंटाळून त्याला सोडून गेली आहे. ही भूमिका केलीय ईथन हॉक यांनी. त्याला भेटायला येतो जॉन, शाळेपासूनचा मित्र. जॉन धडपडणारा चित्रपट दिग्दर्शक आहे आणि लान्सिंगच्या महोत्सवात त्याचा चित्रपट दाखवला जाणार आहे. ही भूमिका रॉबर्ट शॉन लेनर्ड यांची. आणि तिसरी एमी, म्हणजे उमा थर्मन. शाळेच्या दिवसांत ती व्हिन्सची मैत्रीण होती. आता ती याच शहरात सरकारी वकील आहे.

पहिलं दृश्य आठवून बघा. जॉन अजून आलेला नाही. व्हिन्स खोलीत एकटाच आहे. तो बिअरचे डबे फोडतो, एक स्वतः पितो आणि दुसरा सरळ बेसिनमध्ये ओतून देतो. रिकामे डबे खोलीभर फेकतो. अंगावर फक्त आतले कपडे. का? तर येणाऱ्याला वाटावं, हा बराच वेळ पीत बसलाय, याला शुद्ध नाही. म्हणजे संवाद सुरू होण्याआधीच फसवणूक सुरू झालेली आहे, आणि ती फक्त आपण पाहिलीय. इथे दिग्दर्शकाने एक गोष्ट फार शांतपणे केली आहे. त्याने आपल्याला व्हिन्सच्या कटात सामील करून घेतलंय. जॉन दारातून आत येतो तेव्हा आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असतं. नंतर तासाभराने कळतं की आपल्यालाही फारसं काही माहीत नव्हतं.

आता या दोघांमधलं नातं बघा. जुने मित्र भेटले की पहिली दहा मिनिटं कशी जातात ते आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. मिठ्या, शिव्या, जुनी टोपणनावं. आणि मग हळूच हिशेब सुरू होतो. तू कुठे पोचलास, मी कुठे राहिलो. जॉन काही मोठा दिग्दर्शक झालेला नाही. महोत्सवही लहानच आहे. पण व्हिन्सच्या तुलनेत तो 'काहीतरी करतोय', आणि हे दोघांनाही माहीत आहे. जॉन मित्राला चांगल्या मनाने चार गोष्टी सांगायला लागतो. तू वाया चाललायस, बाईशी असं वागायचं नसतं, जरा मोठा हो. सगळं खरं आहे, पण ते सांगताना त्याला जे बरं वाटतंय, तेही कॅमेऱ्याला दिसतंय. धडपडणाऱ्या माणसाला आपल्याहून मागे पडलेला मित्र भेटणं यात एक सुख असतं. ते सुख आपण कबूल करत नाही. जॉनही करत नाही.

आणि व्हिन्स? त्याला नक्की काय हवंय? वरवर पाहता न्याय हवाय. पण विचार करा. दहा वर्षं तो एमीशी बोललेला नाही. तिला काय झालं, ती कशी आहे, याची चौकशी त्याने केलेली नाही. त्याला सलतंय ते वेगळंच. एमीशी त्याचे शरीरसंबंध कधी आले नव्हते, आणि शाळा संपता संपता एका पार्टीत जॉनचे आले. हा त्याचा घाव आहे. तो घाव त्याने तिच्या अन्यायाचं नाव देऊन झाकलाय. माणूस दुसऱ्याच्या बाजूने लढतोय असं वाटतं, आणि लढाई त्याची स्वतःचीच असते. हे आपण अवतीभवती रोज बघतो. फक्त इतक्या जवळून बघायची सवय नसते.

आता कबुलीचा प्रसंग. या चित्रपटाचं सगळ्यात बारकाईने लिहिलेलं पान हेच. स्टीफन बेल्बर यांचं हे मूळ नाटक आणि पटकथाही त्यांचीच. नाटककाराचा कान इथे ऐकू येतो. व्हिन्स विचारतो, त्या रात्री काय झालं? जॉन आधी उडवून लावतो. मग म्हणतो, जरा जबरदस्तीसारखं झालं. मग त्या जबरदस्तीला तो शब्दांचा दबाव म्हणतो. म्हणजे बोलून बोलून तिला तयार केलं, एवढंच. व्हिन्स सोडत नाही. पुन्हा विचारतो, शब्द बदलून विचारतो, लाडीगोडी लावतो, ओरडतो. शेवटी जॉन वैतागून बोलून जातो की त्याने तिचे हात दाबून धरले होते. आणि मग व्हिन्स शांतपणे बॅगेतून टेपरेकॉर्डर काढतो.

या प्रसंगात शब्दांची उतरंड कशी लागते ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा सत्याच्या जवळ नेतो, पण प्रत्येक शब्द जॉनने स्वतः निवडलेला असतो, स्वतःला जमेल तेवढं वाचवत. शिकलेल्या माणसाची भाषा त्याला लपायला किती जागा देते! 'दबाव' म्हटलं की हात दिसत नाहीत. हात हा शब्द आला की लपायची जागा संपते.

पण इथेच दुसरी शंकाही उभी राहते. अर्धा तास एखाद्याचा पिच्छा पुरवला तर तो सुटका व्हावी म्हणून काहीही बोलू शकतो. मग टेपवर नक्की काय आहे? घडलेली घटना, की छळाला कंटाळलेल्या माणसाचं वाक्य? चित्रपट हे स्पष्ट करत नाही, आणि आम्हाला ते बरोबर वाटतं. आम्हाला स्वतःला जॉन खरं बोलतोय असं वाटतं, कारण एवढा तपशील माणूस सहज रचत नाही. पण हा आमचा अंदाज. टेपवर फक्त आवाज आहे, ती रात्र नाही.

व्हिन्सची मागणी काय? जॉनने एमीची माफी मागावी. आणि एमी? तिला त्याने जेवायच्या निमित्ताने बोलावलंच आहे, ती येतेच आहे. म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात खासगी गोष्ट तिला न विचारता बाहेर काढली, टेप केली, आणि आता तिला येऊन फक्त माफी स्वीकारायची आहे. दोन पुरुषांनी खटला चालवला, पुरावा गोळा केला, शिक्षाही ठरवली. साक्षीदाराची खुर्ची तेवढी रिकामी ठेवली.

एमी येते आणि चित्रपटाची हवाच बदलते. उमा थर्मन यांनी ही भूमिका फार कमी हालचालींत केली आहे. ती बसते, ऐकते, विचारते. हळूहळू तिच्या लक्षात येतं की इथे काहीतरी शिजलंय. जॉन आधी आढेवेढे घेतो, मग माफी मागतो. आणि ती म्हणते की जे झालं त्याला ती ते नाव देणार नाही.

आता हा क्षण नीट पाहायला हवा, कारण इथे बरेच प्रेक्षक चुकतात. अनेकांना वाटतं, चला, म्हणजे काही झालंच नव्हतं, जॉन सुटला. काहींना वाटतं, ती स्वतःलाच फसवतेय. आमचं वाचन वेगळं आहे. ती 'हो' म्हणाली तर व्हिन्स जिंकतो. त्याने लावलेला सापळा बरोबर ठरतो, दहा वर्षांचा त्याचा राग पवित्र होतो. ती माफी स्वीकारून 'ठीक आहे' म्हणाली तर जॉन मोकळा होतो. सकाळी स्वच्छ मनाने आपल्या चित्रपटाच्या खेळाला जाऊ शकतो. दोन्ही उत्तरं तिच्या तोंडची असली तरी तिच्यासाठी नाहीत. म्हणून ती तिसरंच काहीतरी करते, त्यांचा प्रश्नच नाकारते. त्या रात्री काय घडलं आणि त्याला काय म्हणायचं, हे ठरवायचा हक्क ती या खोलीत कुणालाही देत नाही.

गंमत म्हणजे, आता जॉनच हट्टाला पेटतो. नाही, मी केलं, तू मान्य कर! माफी मागणाऱ्याला समोरच्याने गुन्हा मान्य करायला हवाय, कारण गुन्हाच नसला तर माफीला किंमत काय? पश्चात्तापातही माणूस स्वतःकडेच कसा बघत असतो, ते या दोन मिनिटांत जेवढं दिसतं तेवढं मोठमोठ्या कादंबऱ्यांत दिसत नाही.

मग एमी फोन उचलते. पोलिसांना कळवते की इथे एक माणूस अंमली पदार्थ बाळगून आहे आणि दुसऱ्यावर लैंगिक अत्याचाराचा संशय आहे. गाडी यायला चारेक मिनिटं. ती दोघांना हे सांगते आणि बसून राहते. व्हिन्सची धावपळ उडते, माल संडासात ओतून टाकतो. ज्या टेपसाठी एवढं रामायण केलं ती टेपही शेवटी तोच नष्ट करतो. जॉन मात्र जागचा हलत नाही. पोलीस येऊ देत, म्हणतो. आणि मग एमी सांगते की तिने फोन कुणालाच केला नव्हता.

म्हणजे बघा, एका खोलीत तीन खोटी कृत्यं झाली. व्हिन्सची खोटी नशा, चोरून चालू ठेवलेला टेपरेकॉर्डर आणि एमीचा खोटा फोन. पण तिसऱ्याची जात वेगळी आहे. व्हिन्सने खोटेपणा केला तो दुसऱ्याकडून काहीतरी मिळवण्यासाठी. एमीच्या खोट्या फोनमधून तिला काहीही मिळत नाही. ती फक्त दोघांना त्यांच्याच शब्दांसमोर उभं करते. तू न्यायाची भाषा करत होतास ना? मग पोलीस येत असताना थांब. तू पश्चात्तापाची भाषा करत होतास ना? तूही थांब. एक थांबतो, एक थांबत नाही. जॉनचं थांबणं हे या चित्रपटातलं कदाचित एकमेव कृत्य आहे ज्याची त्याला किंमत मोजावी लागली असती. तरीही तो खरंच तिच्यासाठी थांबला, की स्वतःच्या नजरेत उंच व्हायला? चित्रपट सांगत नाही. आम्हीही सांगू शकत नाही.

इथे आपल्या मराठी प्रेक्षकाला तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही वेळ घालवायला म्हणून खेळ सुरू होतो आणि खेळाचा खटला होतो. तिथेही एका बाईचं खासगी आयुष्य बाकीच्यांच्या हाती लागतं. बेणारेला बचावासाठी कोर्ट दहा सेकंद देतं आणि तिचं ते दीर्घ स्वगत भोवतालच्या गोठलेल्या माणसांत कुणालाच ऐकू जात नाही. 'टेप'मध्ये वेळ मोजून देणारी एमी आहे. ती चार मिनिटं देते आणि पुरुषांना काय करायचं ते करू देते. दोन नाटकं, दोन समाज आणि मध्ये तीनेक दशकं. पण दोन्हीकडचं मूळ दुखणं एकच. बाईच्या बाबतीत निवाडा करायला सगळे उतावीळ, ऐकायला कुणी नाही. फरक इतकाच की एमीकडे कायद्याचं पद आहे. ते नसतं तर? बेणारे हेच त्याचं उत्तर आहे.

आता थोडं चित्रणाबद्दल. ही निर्मिती 'इनडिजेंट' या उपक्रमातली. गॅरी विनिक यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा उपक्रम. लहान डिजिटल कॅमेरे, अगदी कमी खर्च आणि काम करणाऱ्यांना चित्रपटाच्या कमाईत वाटा, अशी त्याची कल्पना होती. नाव 'इंडिपेंडंट डिजिटल एंटरटेनमेंट'चं लघुरूप, पण उच्चारताना इंग्रजीतला 'निर्धन' या अर्थाचा शब्द ऐकू येतो. लिंकलेटर यांचे 'टेप' आणि 'वेकिंग लाइफ' हे दोन्ही चित्रपट २००१च्या सनडान्स महोत्सवात दाखवले गेले. तेव्हा डिजिटल चित्रण म्हणजे गरिबाची सोय समजली जायची. छायालेखिका मारीझ अल्बर्टी यांनी त्या गरिबीचाच उपयोग करून घेतलाय. चित्र थोडं खरखरीत, उजेड मोटेलच्या दिव्याचा, रंग मळकट. कॅमेरा लहान असल्यामुळे तो कोपऱ्यात, पलंगापाशी, माणसाच्या हनुवटीखाली जाऊन बसतो. चोरून टेप केलेल्या आवाजासारखं हे चित्रही चोरून घेतल्यासारखं वाटतं. खोलीत चौथा कुणीतरी आहे, आणि तो आपण आहोत.

अजून एक गोष्ट. हॉक आणि लेनर्ड यांना जगाने पहिल्यांदा एकत्र पाहिलं ते १९८९च्या 'डेड पोएट्स सोसायटी'मध्ये. शाळेतली दोन मुलं, एका खोलीत राहणारी, कवितेने भारलेली. 'टेप' पाहताना ती दोन मुलं मोठी होऊन या खोलीत आल्याचा भास होतो. शाळेत पाहिलेल्या स्वप्नांचं पुढे काय झालं? एकाने चित्रपट केला आणि तो दाखवायला लहान महोत्सव मिळाला. दुसरा बिअर बेसिनमध्ये ओततोय. कथेचा त्या चित्रपटाशी काही संबंध नाही, पण चेहऱ्यांचा आहे, आणि प्रेक्षक चेहरे विसरत नाही.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर ही समीक्षा राहणार नाही. दोघांचं भांडण चालू असताना कॅमेरा मध्येच टेबलटेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे फिरायला लागतो. नाटक पडद्यावर आणलंय, कंटाळा येईल की काय, ही दिग्दर्शकाची धास्ती तिथे दिसते. गरज नव्हती. संवादच पुरेसा धावता आहे. व्हिन्सच्या भूमिकेत हॉक यांची ऊर्जा अफाट आहे, पण काही जागी ती ऊर्जाच पुढे दिसते आणि माणूस मागे राहतो. आणि एमीला नेमकं सरकारी वकील करणं ही नाटककाराची सोय आहे. खोटा फोन खरा वाटावा म्हणून तिला ते पद दिलंय, हे जरा जास्तच लक्षात येतं. तिच्याबद्दल आपल्याला बाकी फारसं कळत नाही. दोन पुरुष तिच्यावर मालकी सांगताहेत असं दाखवणाऱ्या चित्रपटाने स्वतःही तिला थोडी कमीच जागा दिलीय. हा आरोप आम्हाला टाळता येत नाही.

मग हा चित्रपट आज पुन्हा का बघायचा? तो आला तेव्हा संमती, दबाव, जबरदस्ती या शब्दांवर आजच्याएवढी उघड चर्चा होत नव्हती. २०१७ नंतर ती जगभर झाली, आपल्याकडेही झाली. अनेक जाहीर माफीनामे आपण वाचले. काही मनापासून असतील, काही वकिलाने लिहून दिलेले असतील. ते वाचताना आपण काय करत होतो? हा खरा की खोटा, याला माफ करायचं की नाही, असा निवाडा करत होतो. चहाच्या टपरीवर, फोनवर, घरी जेवताना. म्हणजे आपणही व्हिन्सच्याच खुर्चीत बसलो होतो. ज्या व्यक्तीची ती माफी होती तिला काय हवंय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला किंवा आलाच नाही.

'टेप' आपल्याला निकाल देत नाही याचा अनेकांना राग येतो. आम्हालाही पहिल्यांदा आला होता. दीड तास बसवलंत आणि त्या रात्री काय झालं ते सांगितलं नाहीत! दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं की तो राग व्हिन्सचा आहे. आपल्याला माहिती हवी होती, कारण माहिती मिळाली की आपण मोकळे. एमी निघून जाते तेव्हा ती माहिती बरोबर घेऊन जाते. ती तिची आहे. मागे दोन पुरुष राहतात, रिकामे डबे राहतात आणि कामातून गेलेली टेप.

पुढे कधी कुणी आपल्याला येऊन सांगितलं की अमक्याने तमकीशी असं केलं, माझ्याकडे पुरावा आहे, तर पुरावा ऐकायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. तिला विचारलंय का? एवढा एक प्रश्न जरी या चित्रपटातून घरी नेला, तरी दीड तास सार्थकी लागला असं आम्ही म्हणू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.